एकोणसाठ इंचांत दोन हॉटेलं

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मापांचा. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असतो ना, तोच. जन्मलो तेव्हा मी पिवळाधमक होतो आणि साठ इंचांचा होतो. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या होत्या. कारखान्यात माझ्याबरोबर हजारो भावंडं गुंडाळली गेली, आणि आम्हा सगळ्यांना वाटत होतं की आता जगात कुणाचं माप म्हणून चुकणार नाही!

मला विकत घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईने. घरातले सगळे तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणतो. काय दिवस होते ते! डॉक्टरांचे कोट, शाळेचे गणवेश, नाटकवाल्यांचे झगे, सगळे आधी माझ्या अंगावरून गेले आणि मग कात्रीखाली. एकदा घाईघाईत मीच कात्रीखाली गेलो. पितळी टोपी आणि पहिला इंच, दोन्ही कच्चकन उडाले. तेव्हापासून माझ्यावर आकडे सुरू होतात तेच मुळी एकपासून. म्हणजे सात इंचांची वस्तू मोजली, तर मी दाखवतो आठ.

मला वाटलं, संपलं आपलं. पण आत्या म्हणाली, "असू दे. एक वजा करायचा, झालं." आणि तिने तो केला, चोवीस वर्षं, रोज शंभर वेळा. इतक्या पटकन, की आपण वजाबाकी करतो हेसुद्धा ती विसरून गेली. मधल्या काळात तिला तीन नवे टेप भेट आले. तिन्ही तिने वाटून टाकले. "माझा हात ह्याच्यावर बसलाय," म्हणाली. मित्रांनो, एवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं असतं.

पण दोन वर्षांपूर्वी आत्याच्या पायांनी साथ सोडली. ती चाकांच्या खुर्चीत बसली, मशीनवर चादर पडली आणि मी बटणांच्या डब्यात गेलो. बटणं फार बडबडी असतात. त्या डब्यातली दोन वर्षं मला कुणी आठवण करून देऊ नये.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस अजून यायचाच होता.

आत्याची एक भाची आहे, धाकट्या भावाची मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिने हट्ट धरला की सुट्टीत आत्याला घेऊन समुद्रावर जायचं. आत्या तयार होईना. मागच्या वर्षी अशीच एक सहल झाली होती. हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलं होतं, "काही प्रॉब्लेम नाही." तिथे पोचल्यावर निघाल्या सात पायऱ्या. मग चार माणसांनी आत्याला खुर्चीसकट कपाट उचलावं तसं उचललं, आणि नाश्ता करणारी सगळी माणसं माना वळवून बघत बसली. बाथरूमला जायचं तरी उचला! आत्या तेव्हा हसली होती. घरी आल्यावर मात्र महिनाभर तिने उंबरा ओलांडला नाही.

"येते मी," आत्या शेवटी म्हणाली. "पण एक अट. चार दिवसांत मला कुणी एकदासुद्धा उचलायचं नाही. उचलायची वेळ आली, तर तिथूनच गाडी परत फिरवायची."

"ताई, अगं हौसेने का उचलतो आम्ही?" भिंगरीचे बाबा म्हणाले.

"हौस तुमची, पण वजन माझं ना!"

गाडीतून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत आत्या हातांच्या जोरावर स्वतःच सरकते, ते ह्या अटीत येत नाही, हे तिने आधीच बजावून ठेवलं. मग तिने बटणांचा डबा उघडला आणि मला बाहेर काढलं! खुर्चीच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत मला ताणलं. मी दाखवले सत्तावीस. आत्या म्हणाली, "सव्वीस." भिंगरीने वहीत लिहिलं, सव्वीस. त्याखाली खुर्ची बनवणाऱ्याने सांगितलेला नियमही लिहिला: चढ एक इंचाचा असेल, तर उताराची फळी एक फूट लांब हवी.

ते गाव म्हणजे टेकडीवरून समुद्रात सोडलेली घसरगुंडीच. रस्ता एके ठिकाणी दुभागतो. वर गेलं की काचेच्या भिंतींचं नवं हॉटेल, खाली गेलं की वाळूला चिकटलेलं जुनं हॉटेल. दोघांनीही फोनवर तेच सांगितलं होतं, "काही प्रॉब्लेम नाही." बाबांनी गाडी त्या फाट्यावर थांबवली.

"चल की थेट वर. बघू तिथे गेल्यावर," बाबा म्हणाले.

"दारात जाऊन परत फिरायला मी काय पोस्टमन आहे?" आत्या म्हणाली आणि तिने मला भिंगरीच्या गळ्यात घातलं. "जा गं. दोन्हीकडची मापं आण. तोंडी काही ऐकून यायचं नाही."

सगळं सांगितलं तिने. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. तुम्हाला कळलंच असेल कोणती. तिच्या ध्यानातच आलं नाही हो! श्वास घ्यायचा असतो, हे कुणी कुणाला सांगतं का?

वरच्या हॉटेलात टाय लावलेले मॅनेजर समोर आले. दाराशी गुळगुळीत उतार, आत लिफ्ट, खिडकीत समुद्रच समुद्र. "आमच्याकडे कसलाच प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले.

"मग बाथरूमचं दार दाखवा," भिंगरी म्हणाली. तिने माझं कापलेलं टोक चौकटीला टेकवलं आणि वाचलं, "साडेसव्वीस! अर्धा इंच मोकळा!"

नाही गं, साडेपंचवीस, मी ओरडत होतो. पण टेपचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

मग उड्या मारत आम्ही खाली. तिथे कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेल्या मालकीणबाई होत्या. शेजारच्या छपरात त्यांचे दीर होड्या बांधत होते. तळमजल्यावर मोठी खोली, बाथरूमचं दार ऐसपैस, पण अंगणातून आत शिरायला तीन पायऱ्या. भिंगरीने एकेक मोजली. आठ, आठ आणि आठ.

"आठ त्रिक चोवीस. म्हणजे चोवीस फुटांचा उतार लागेल."

"होड्या पाण्यात लोटायच्या फळ्या आहेत माझ्याकडे," दीर म्हणाले. "पण वहिनी, तुमच्या अंगणात एकेक फुटाच्या बावीस फरश्या. वरचे दोन फूट काय रस्त्यावर काढायचे?"

"तुमच्या डोक्यावर काढा, भावोजी. जागा रिकामीच आहे," मालकीणबाई म्हणाल्या. मग भिंगरीकडे वळल्या. "पोरी, फळ्याबिळ्या कशाला? आम्ही चौघं आहोत. अल्लाद उचलून घेऊ की तुझ्या आत्याला."

"तेच तर नकोय, काकू," भिंगरी म्हणाली.

वही बघून आत्याने निकाल दिला, "वरचं." वर गेलो. उतारावरून आत्या झोकात चढली. लिफ्टमध्ये मावली. खोलीच्या दारातूनही सुळकन आत! खिडकीपाशी थांबून तिने समुद्राकडे इतक्या मायेने बघितलं की मला वाटलं, निभावलं. मग ती बाथरूमकडे वळली.

खट्ट.

दोन्ही चाकं चौकटीला अडली. मागे घेतली, पुन्हा खट्ट.

"काळजी नको," मॅनेजर म्हणाले. "लागेल तेव्हा बेल वाजवा, दोन माणसं येऊन उचलून आत..."

"गाडी फिरवा," आत्या म्हणाली. अगदी हळू.

बाबांचा पारा चढला. "मापं घेतली होतीस ना, भिंगरे? दीड तास काय हुंदडत होतीस?" त्यांनी तिच्या गळ्यातून मला ओढलं आणि कचऱ्याच्या टोपलीत फेकलं. साबणाच्या कागदांवर पडलो मी. मित्रांनो, डब्यातली बटणं बरी म्हणायची वेळ आली.

भिंगरी हुंदके देत म्हणाली, "मी नीट धरला होता! अगदी टोकापासून धरला होता!"

आत्याची खुर्ची दारात गर्रकन वळली. "काय म्हणालीस? टोकापासून?"

"हो. मग कुठून धरायचा?"

आत्याने कपाळावर हात मारला आणि एकदम हसायलाच लागली. "अगं बाई! त्याचा पहिला इंच कापला गेलाय, तो तुझ्या जन्माआधी! चूक माझी गं, राणी. मी सांगितलंच नाही. काढ त्याला तिथून आधी."

भिंगरीने मला टोपलीतून उचललं, झटकलं, माझं टोक डोळ्यांजवळ नेलं आणि एक किंकाळी फोडली. रडण्याची नव्हे हं! "म्हणजे पायऱ्या आठच्या नाहीतच! सात, सात आणि सात! सात त्रिक एकवीस! एकवीस फूट, आत्या! अंगण बावीस फुटांचं आहे!"

"आणि तिथल्या बाथरूमचं दार?"

"अठ्ठावीस वाचलं होतं. म्हणजे सत्तावीस!"

"मग बघत काय बसलीस? पळ!"

पळालो! वारा माझी दोन्ही टोकं अशी फडफडवत होता की मी टेप नसून पतंग आहे, असं वाटलं. अंगणात पोचताच भिंगरीने मला फरशीवर अंथरलं. मी आहे एकोणसाठ इंचांचा. चार वेळा पूर्ण मी, आणि वर सोळा इंच, म्हणजे माझ्यावरच्या सतराच्या आकड्यापर्यंत. बरोब्बर एकवीस फूट! तिथे तिने खडूने रेघ मारली. फाटकापाशी एक फूट उरला.

"ही पोरगी माझ्याकडे कामाला ठेवा, वहिनी," फळ्या ओढत दीर म्हणाले.

"तुमच्याकडे? ती दोन दिवसांत होडी बांधून मोकळी होईल. मग तुम्ही वर्षभर काय करणार?"

फळ्या जोडल्या, खाली लाकडी ठोकळे लावले, दोन्ही कडांना पट्ट्या ठोकल्या. ठोकळ्यांची उंची मी दाखवली आणि भिंगरीने दर वेळी एक वजा केला. मोठ्याने!

आत्या फाटकातून आत आली. उताराकडे तिने नुसतं बघितलं आणि पदर खोचला.

"कुणी मागून धरायचं नाही."

मशीनचं चाक फिरवून फिरवून कमावलेले हात ते! एक ढकल, दुसरी ढकल. अर्ध्यावर खुर्ची थांबली. चाक इंचभर मागे आलं. बाबा पुढे धावले.

"हात मागे!" आत्या गरजली. एवढा मोठा माणूस, पण हात खरंच मागे बांधून उभा राहिला.

तिने श्वास घेतला, दात आवळले आणि ढकललं. आणखी एकदा. आणखी एकदा. फळ्या करकरल्या आणि खुर्ची वर पोचली! मालकीणबाईंनी जुडगा आकाशात उडवला, दिरांनी हातोडीने होडीवर ताशा वाजवला आणि भिंगरीने मला डोक्यावर गरगर फिरवलं. आत्या मात्र थांबली नाही. व्हरांडा ओलांडून, खोली ओलांडून ती सरळ बाथरूममध्ये शिरली. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. दार लागलं. आणि आतून कडी वाजली.

आतून! आम्ही सगळे बाहेर उभे होतो आणि ती आत ऐटीत गात होती. बेसूर गाते आत्या, पण त्या दिवशी कुणाची बोलायची हिंमत नव्हती.

चार दिवस झाले. एकदासुद्धा कुणी तिला उचललं नाही. रोज सकाळी ती उतरायची, समुद्रासमोर खुर्ची लावायची आणि मनात येईल तेव्हा परत वर चढायची. दिरांना त्यांच्या फळ्या काही परत मिळाल्या नाहीत. मालकीणबाईंनी फळ्यांना चक्क रंग लावून टाकला.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही, नुसता मोजतो. पण मोजून मोजून एक गोष्ट मला कळली आहे. ज्यांना पायऱ्या चढता येतात, ते पायऱ्या मोजत नाहीत. तुमच्या शाळेला किती पायऱ्या आहेत? तुमच्या घराचं सगळ्यात अरुंद दार किती इंचांचं? आज घरी जाऊन एकदा मोजाच. कुणी "काही प्रॉब्लेम नाही" म्हणालं, तर हसून विचारा, "किती इंच?" आणि मोजायला माझ्यासारखा म्हातारा मिळाला, तर त्याला टाकू नका. त्याची खोड काय आहे, तेवढं त्याच्या माणसाला विचारून घ्या.

निघायच्या दिवशी सकाळी वरच्या हॉटेलचे मॅनेजर टेकडी उतरून आले. टाय सैल, चेहरा पडलेला. अंगणात उभे राहून त्यांनी तो उतार बराच वेळ बघितला. "बाई," ते आत्याला म्हणाले, "आमची सगळी दारं मोजून घ्यायची आहेत. हा टेप जरा मिळेल का?"

"टेप एकटा मिळणार नाही," आत्या म्हणाली. "माझ्या भाचीला घेऊन जा. तिला मापं घेता येतात."

भिंगरीने मला गळ्यात घातलं, वही काखेत मारली आणि मॅनेजरांच्या दोन पावलं पुढे चालत टेकडी चढायला लागली.