नखापेक्षा पातळ, उल्केला भारी

मित्रांनो, माझ्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवणार नाही. मी एक जुनी काचेवरची फिल्म आहे, नखापेक्षा पातळ. आणि मी आभाळातून पडलेली उल्का अडवली आहे!

या घरात मी आले तीच चुकून. बाबांना हवी होती ऊन अडवणारी काळी फिल्म. फिल्मवाल्याने घाईत खोका उचलला तो सोनाराच्या दुकानाची काच चोरांना फोडता येऊ नये म्हणून ठेवलेला. आत निघाले मी, चिवट आणि पारदर्शक. पण गडी पक्का थापाड्या. "हिचा काळा रंग हळूहळू चढतो," म्हणाला. साबणाचं पाणी फवारून त्याने मला काचेवर पसरलं, रबरी पट्टीने एकेक बुडबुडा कडेला हाकलला. त्याच्या मिशीचा एक केस तेवढा आत अडकला.

आजीने महिनाभर वाट पाहिली. "काळं काय झालं? हा केस!" ती म्हणाली. "जी दिसतच नाही, तिचा उपयोग काय? काढा ती!"

शनिवारी मला खरवडणार होते. शुक्रवारी दुपारी खिडकीखाली पाळण्यात बाळ झोपलं होतं, आणि धाडकन उल्का आदळली!

काचेचे हजार तुकडे झाले. मी एकही सोडला नाही. बाळाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर एक अणकुचीदार तुकडा थरथरत होता. मी त्याला धरून राहिले. बाळ जागं झालं, हजार तुकड्यांत चमकणारे हजार सूर्य पाहून खुदकन हसलं. आजीने पाळणा चाचपला. "अगं बाई, एक कणसुद्धा नाही!"

शनिवारी फिल्मवाला खरवडणी घेऊन आला आणि मला पाहून त्याने ती पुन्हा पिशवीत टाकली.

आता ती तडकलेली काच कवटाळून मी अंगणात भिंतीला टेकून उभी असते. शेजारची पोरं येतात. आजी बाळाला मांडीवर घेऊन ऐकते. बाळाची ताई मागे उभी राहते, ती कधीच काही विचारत नाही.

"उल्का केवढी होती?" पोरं विचारतात.

"टरबुजाएवढी! धगधगती! मला आपटून अंगणात उडाली, ती पुन्हा कोणाला दिसलीच नाही. म्हणून सांगते मित्रांनो, जे दिसत नाही त्यालाही जपा..."

"खोटं!" आज ताई एकदम ओरडली. "उल्का नव्हती ती. चेंडू होता. आजी, मीच मारला होता."