चौघींची चादर

केबिनच्या दारावर पेंटरनं नाव रंगवून पूर्ण केलं तेव्हा अक्काला कळलं, की दोन वर्षं आपण राबलो ते दुसऱ्याच्याच गाडीला धक्का मारत होतो.

पेंटर स्टुलावर बसून ‘मॅनेजर’ या शब्दाखाली रेघ ओढत होता. वर नाव होतं. ते अक्काचं नव्हतं. मालकाच्या जावयाचं होतं.

“बाई, जरा अंग सांभाळून जा, ओलं आहे,” पेंटर म्हणाला.

“कधी सांगितलं हे काम?”

“झाले की बरेच दिवस. मलाच सवड नव्हती. मालक म्हणाले, आजच्या कार्यक्रमाआधी सुकलं पाहिजे.”

“सुकेल?”

“हो तर. आणि एकदा सुकला की हा रंग हलायचा नाही.”

“कसा हलेल,” अक्का म्हणाली. “जावई आहे तो.”

पेंटर हसला. अक्का हसली नाही. तिच्या हातात एक कागद होता, कार्यक्रमात वाचायचं भाषण. मालकाच्या ऑफिसातून सकाळीच टाइप होऊन आलं होतं. वर लिहिलं होतं, ‘एमबीएनं मला काय शिकवलं’. सकाळी तिनं नुसती वरची ओळ वाचून घडी केली होती. आता घडी उघडून खाली पाहिलं, तर शेवटचं वाक्य होतं, ‘आपल्या नव्या मॅनेजरसाहेबांचं मी मनापासून स्वागत करते.’

म्हणजे लग्न दुसऱ्याचं, आणि मंगलाष्टकं हिनं म्हणायची.

आता ही अक्का कोण, ते सांगतो. शहरातल्या सगळ्या मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी जिथं धुतल्या जातात, त्या धुलाई कारखान्यात ती सुपरवायझर. एका बाजूला ओली खोली, तिथं माणूस उभा मावेल एवढाली मशिनं. मधे बॉयलर. मग गरम रूळ, चादर त्यातून कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. आणि शेवटी घडीचा हॉल. अक्का याच हॉलमध्ये घडी घालायला लागली होती, पोरसवदा असताना. तिची थोरली जाऊ आधीपासून तिथं होती, तिनंच हिला आणलं. पुढं अक्का सुपरवायझर झाली. कुठल्या टेबलावर कोण उभी राहायची, ते अक्कानं ठरवायचं. मालक त्यात बोट घालत नसे.

मालकानंच एक दिवस तिला बोलावलं होतं. “अक्का, मॅनेजरची जागा रिकामी आहे. काम तूच करतेस, मला काय दिसत नाही? पण हॉस्पिटलवाले विचारतात, मॅनेजर शिकलेला आहे का. पत्रानं का होईना, तू बीए केलंस. आता ते रविवारचं एमबीए करून टाक. खुर्ची तुझीच.”

आणि वर म्हणाला, “आमच्या जावईबापूंनाही घातलंय त्याच वर्गात. जरा सांभाळून घे. घरचंच माणूस आहे.”

तिथंच पाल चुकचुकायला हवी होती. पण माणसाला खुर्ची दिसली की पाय दिसत नाहीत.

घरी तिनं विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, “शीक की, मी कशाला अडवू.” पण त्याच्या म्हणण्यावर घर चालत नव्हतं. घर चालत होतं जाऊबाईवर. जाऊबाई म्हणाली, “धाकटे, तू जा. रविवारचं घर मी बघते.” आठवडाभर चादरी झटकून आलेली बाई, रविवारी दोघींच्या वाटचं राबायला लागली. कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं अक्काला पुढं फार वाटलं.

वर्गात अक्काच्या गटात जावईबापू होतेच. हा माणूस वाईट नव्हता बरं का. वाईट व्हायलाही काहीतरी करावं लागतं. तो यायचा, कोट खुर्चीला अडकवायचा, मोबाइल काढायचा, आणि जाताना म्हणायचा, “अक्का, माझंही नाव टाक हं.” अक्का टाकायची.

त्या वर्गात एक पद्धत होती. काम संपलं की शिकवणाऱ्या मॅडम मधोमध एक खुर्ची ठेवायच्या. एकेकानं त्यात बसायचं, आणि गटातल्या बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर सांगायचं, यानं काय केलं. मॅडमचा नियम एकच. “माणूस कसा आहे ते मला नको. केलं काय, तेवढं सांगा.” भलेभले त्या खुर्चीत बसून घामेजायचे. जावईबापू बसले की सगळे अक्काकडे बघायचे. आणि अक्का म्हणायची, “यांनी आकडेमोड केली.” दरवेळी आकडेमोड. मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि पुढचं नाव पुकारायच्या.

दुसऱ्या वर्षाचं मोठं काम होतं, आपल्या कामाच्या जागी काय वाया जातंय ते शोधा. अक्कानं शोधलं. आणि शोधायला दुसरीकडं कुठं गेली नाही, आपल्याच घडीच्या हॉलमध्ये गेली.

हॉलमध्ये रीत अशी, की एका चादरीला चौघी. चार टोकं, चार बाया. रुळातून गरम चादर आली की चौघी धरायच्या, एक झटका, दोन पावलं पुढं, टोकाला टोक, घडी. याला त्या ‘चौक’ म्हणत. कुठली बाई कुठल्या चौकात, हे लग्न जुळवल्यासारखं जुळलेलं असे. गप्पा चालत, सुनांच्या तक्रारी चालत, आणि कुणाचा हात दुखत असला तर बाकीच्या तिघी तिचं टोक हलकं घेत. बाहेरच्याला कळतही नसे.

अक्कानं कागदावर मांडलं, की चादर दोघींनाही धरता येते. खोटं नव्हतं ते. हात पुरते ताणले तर येते. वर्गात सगळ्यात जास्त गुण या कामाला पडले. स्टेजवर मांडलं मात्र जावईबापूंनी, कारण त्यांचं इंग्रजी फर्डं. “आम्ही आठ हातांचं काम चार हातांवर आणलं,” ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात तेव्हा खिशात होते.

मालकाच्या कानावर ते गेलं. सोमवारी त्यानं अक्काला सांगितलं, मांड तसंच. आणि अक्कानं मांडलं. अर्ध्या बाया ओल्या खोलीत पाठवल्या, अर्ध्या दोघी-दोघी करून टेबलांना उभ्या केल्या. सगळ्यांसमोर म्हणाली, “थोडे दिवस कळ काढा. मी मॅनेजर झाले की पहिल्या दिवशी चौक परत मांडते. माझा शब्द.”

कळ बायांनी काढली. जाऊबाईनं सगळ्यात जास्त काढली. दिवसभर हात ताणून ताणून तिचा उजवा खांदा असा धरला, की हात डोक्यापर्यंत जाईना. तेव्हापासून रोज सकाळी अक्का तिची वेणी घालायची. जाऊबाई आरशात बघत बसायची. अक्का मागं उभी राहून मनात म्हणायची, होऊ दे एकदा मॅनेजर.

आणि आता दार रंगवून झालं होतं.

कार्यक्रम घडीच्या हॉलमध्येच होता. दोन पाळ्यांच्या मधे, मशिनं बंद करून. दोन्ही पाळ्यांच्या बाया, बॉयलरवाले, गाडीवाले, सगळे भिंतीला टेकून उभे. मालकानं जावयाच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, अक्काच्या हातात त्याहून लहान दिला, आणि भाषण केलं. शिक्षण, प्रगती, कुटुंब. कारखाना हे एक कुटुंब आहे म्हणाला. त्यातला सासरा कोण आणि सून कोण, ते सांगायचं राहिलं.

खाली बसताना अक्काच्या कानाशी म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस. तुझी सही जावईबापूंच्या खालोखाल चालेल. काम तर तुलाच करायचंय.”

अक्का उभी राहिली. कागद उघडला नाही.

“मला सांगायला सांगितलंय, दोन वर्षांत काय शिकले,” ती म्हणाली. आवाज शांत होता. तिला ओळखणाऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं, कारण अक्का ओरडली की भीती नसायची, शांत झाली की असायची. “पुष्कळ शिकले. दुसऱ्याचं नाव कागदावर कसं टाकायचं ते शिकले. ज्यानं काही केलं नाही त्यानं काय केलं, हे सांगायला शिकले. पण एक गोष्ट खरंच शिकण्यासारखी होती. ती दाखवते.”

तिनं स्वतःची खुर्ची उचलली आणि हॉलच्या मधोमध ठेवली. खुर्चीचा नियम सांगितला. मग म्हणाली, “जावईबापू, तुम्हाला ठाऊक आहे. बसा.”

जावई हसत हसत बसला. त्याला वाटलं, कौतुकाचाच काही प्रकार आहे.

“बोला,” अक्का म्हणाली. “यांनी काय केलं?”

बॉयलरवाला छताकडं बघू लागला. चिमणी म्हणून एक काटकुळी बाई होती, जिभेला हाड नसलेली. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, “यांनी एकदा माझ्याकडं पाणी मागितलं होतं. पण आणून दिलं मी. म्हणजे ते माझ्याच नावावर जाईल, नाही का अक्का?”

मागं खसखस पिकली. जावयाचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढायला विसरल्यासारखं.

“पुरे झाला तमाशा,” मालक म्हणाला.

“अजून पहिलाच बसलाय, मालक. आता मी बसते.”

जावई उठला, अक्का बसली. तिच्या मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला वाटत होतं, आता बाया बोलतील. रात्रपाळ्या, अडीअडचणीला दिलेल्या सुट्ट्या, कुणाच्या पोरीच्या तापात केलेली धावपळ. मालकाच्या तोंडावर सगळं पडेल आणि त्याला लाज वाटेल.

भिंतीजवळून जाऊबाई पुढं आली. डाव्या हातानं उजवा कोपर धरून चालायची तिला सवय लागली होती.

“मी सांगते,” ती म्हणाली. “हिनं चौक मोडला.”

जाऊबाई तेवढ्यावर थांबली नाही.

“मालकानं सांगितलं, पण उभ्या केल्या हिनंच. कुणी कुठं जायचं ते हिच्या तोंडून निघालं. मालकाला आमची नावंसुद्धा येत नाहीत, तो काय उभं करणार? दोन वर्षं आमच्याबरोबर चहाला बसली नाही, पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली. म्हणाली, मॅनेजर झाले की चौक मांडते.” जाऊबाईनं दुखरा कोपर जरा वर घेतला. “आणि रोज सकाळी माझी वेणी घालते. केलं काय तेवढंच सांगायचं ना? हे केलं.”

अक्काच्या कानशिलांतून आग निघाली. कुणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. मालकावर राग होता, जावयावर होता, दारावरच्या त्या ओल्या रंगावर होता. पण जाऊबाईच्या शब्दांत एक अक्षर खोटं सापडेना, म्हणून तो सगळा राग फिरून अक्काच्या स्वतःच्याच छाताडावर येऊन बसला. मॅनेजर झाले की. कशाला लागत होतं मॅनेजर व्हायला? चौक मोडला तेव्हा ती सुपरवायझरच होती. मोडायला जेवढी सत्ता लागली, तेवढीच मांडायला लागणार होती. ती सत्ता सगळा वेळ तिच्या पदराला बांधलेली होती आणि ही बाई पदवीची वाट बघत बसली होती.

ती उठली. खुर्ची पायानं बाजूला सरकवली.

“पाळी सुरू करा,” ती म्हणाली. “ओल्या खोलीत पाठवलेल्या घडीवाल्या, सगळ्या इकडं या. एका टेबलाला चौघी. जुने चौक आठवतात ना?”

“आठवतात म्हणजे,” चिमणी म्हणाली, आणि पदर खोचत पळालीच.

“अक्का,” मालक म्हणाला, “ओल्या खोलीत माणसं कमी पडतील. माल तुंबेल.”

“तुंबेल. संध्याकाळपर्यंत दारापर्यंत येईल.”

“मग हॉस्पिटलला काय सांगू?”

“मॅनेजर आहे की तुमच्याकडं. नाव तर रंगवून झालंय. ते सांगतील, त्यांचं इंग्रजी चांगलं आहे.”

मालकानं जावयाकडं पाहिलं. जावई हातातल्या गुच्छाकडं बघत होता.

“उद्यापासून येऊ नकोस तू,” मालक म्हणाला.

“हे इथं सगळ्यांसमोर म्हणालात ते बरं केलंत. खुर्ची अजून तिथंच आहे. बसा, आणि ऐका तुम्ही काय केलंत ते. मग मी जाते.”

मालक बसला नाही. खुर्चीला वळसा घालून तो केबिनकडं गेला. दार ढकलताना त्याच्या बाहीला रंग लागला, ते त्याला फार उशिरा कळलं.

“उद्याचं उद्या,” अक्का कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाली. “ही पाळी माझी आहे.”

रूळ फिरू लागले. जाऊबाईच्या चौकात तिघीच होत्या, कारण चौथी खांदा मोडून केव्हाच काम सोडून गेली होती. अक्कानं बाह्या वर केल्या आणि त्या रिकाम्या टोकाशी जाऊन उभी राहिली. गरम चादर बाहेर आली. चौघींनी धरली. कितीतरी दिवसांनी अक्काच्या बोटांना चटका बसला.

जाऊबाई तिच्याकडं बघत नव्हती. ती चादरीकडं बघत होती.

“तुझं टोक ढिलं आहे,” ती म्हणाली. “ओढ.”

अक्कानं ओढलं.