शंभरातले किती उरतात

अभयला सोमवारी सकाळी दहाच्या आत कंपनीला हो किंवा नाही कळवायचं होतं. त्यामुळे रविवारी दुपारी साडेचारला डब्लिनहून फोन येणार आणि त्याआधी तात्यारावांचा तक्ता पुरा झालेला असणार, असं ठरलं होतं.

तात्याराव ओव्हाळ एकतीस वर्षं सरकारी नोकरीत किमती गोळा करत होते. महागाईचा जो आकडा पेपरात छापून येतो, त्याच्या अगदी तळाशी राबणाऱ्या माणसांपैकी ते एक. दर आठवड्याला तेच दुकान, तोच वार, तीच तूरडाळ. दुकानदाराला भाव विचारायचा नाही, गिऱ्हाईक किती मोजतंय ते पाहायचं. वस्तू मिळाली नाही तर तिच्या तोडीच्या दुसऱ्या वस्तूचा भाव लावायचा आणि शेजारी तसं नमूद करायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि शून्य तर कधीच लिहायचं नाही. शून्य हा भाव नसतो, असं ते नव्याने रुजू झालेल्यांना शिकवत.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांनी पुन्हा तक्ता आखला, तो मुलीसाठी.

सोनाली आणि तिचा नवरा अभय सहा वर्षं डब्लिनमध्ये होते. त्यांची मुलगी तेजस्विनी तीन वर्षांची. अभयला पुण्यातल्या एका कंपनीने बोलावलं होतं. सोनालीला यायचं होतं. अभय म्हणत होता, पुणंही आता स्वस्त राहिलेलं नाही, महिनाअखेरीला हात रिकामे राहिले तर परत जाता येणार नाही. दोन महिने दोघांचं याच्यावरून वाजत होतं. शेवटी अभयच म्हणाला, "बाबांना करू दे हिशेब. ते काढतील तो आकडा मी मानतो. तूही मान."

तात्यारावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की युरोचे रुपये करायचे नाहीत, त्याने नुसता गोंधळ होतो. हातात येणाऱ्या शंभरातले तिथे किती उरतात आणि इथे किती उरतील, एवढंच बघायचं. सोनालीने तीन महिन्यांची बिलं पाठवली. घरभाडं, वीज, किराणा, बसचा पास, पाळणाघर. डब्लिनचा आकडा निघाला एकवीस. पुण्यात एकवीस किंवा त्याहून जास्त उरले तर अभय हो कळवणार होता.

पुण्याचे भाव त्यांनी स्वतः फिरून आणले. आंबेगावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं भाडं, मुलीच्या शाळेची फी, पेट्रोल, गॅस, कामवाली. भाजीसाठी मार्केट यार्डात गेले नाहीत, कारण सोनाली किरकोळीत घेणार होती. कात्रजच्या चौकातल्या हातगाड्यांवर तीन वेगवेगळ्या दिवशी उभे राहिले. अभयचा पगार आणि सोनालीला इथल्या लॅबमध्ये मिळू शकेल तो पगार मिळून हातात एक लाख सत्तर हजार धरले.

रविवारी अकरा वाजता बेरीज संपली. खर्च एक लाख एकोणतीस हजार दोनशे.

"किती?" स्वयंपाकघरातून जयाबाईंनी विचारलं.

"चोवीस."

"म्हणजे आली."

"अजून ताळा बघायचाय."

"बघा की. पुणेकर सरकारी माणूस, दोन वेळा बघितल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा लिहिणार नाही." जयाबाई भिंतीला हात लावून दारापर्यंत आल्या. चेहऱ्यावर हसू होतं. "मी लहान गादी उन्हात टाकलीय. जावेला फोनही केला."

"कशाला केलास?"

"चोवीस म्हणजे एकवीसपेक्षा जास्तच ना? की सरकारी नोकरीत वेगळं असतं?"

ताळा बघण्याची त्यांची पद्धत सोपी होती. डावीकडच्या डब्लिनच्या प्रत्येक ओळीसमोर उजवीकडे पुण्याची जोडीदार ओळ हवी. ते बोट ठेवून खाली उतरू लागले. भाडं, भाडं. वीज, वीज. किराणा, किराणा. सातव्या ओळीवर बोट थांबलं. डावीकडे लिहिलं होतं, पाळणाघर, नऊशे युरो. उजवीकडे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, आजी, शून्य.

गेल्या आठ दिवसांत या ओळीवरून त्यांची नजर निदान सहा वेळा गेली होती. दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात असं शून्य दिसलं असतं तर त्यांनी कागद परत पाठवला असता.

त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"खाली. एक भाव राहिलाय."

तीन मजले उतरायचे होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. तळमजल्यावर अख्तरबानूंचं पाळणाघर होतं. रविवारी ते बंद असे. त्या व्हरांड्यात गाद्यांचे अभ्रे वाळत घालत होत्या.

"अख्तरबानू, एक भाव हवा होता."

"काका, रविवारी तरी रिटायर व्हा."

"तीन वर्षांची मुलगी. साडेबाराला शाळेतून आणायची, जेवण, झोप, संध्याकाळी सातपर्यंत. महिन्याचे किती?"

"साडेनऊ हजार. तुम्हालाही साडेनऊच, ओळखीत मी कमी करत नाही." त्यांनी चिमटा तोंडातून काढला. "तेजूसाठी? घरात आजी असताना?"

"लोक देतात का साडेनऊ?"

"अकरा जण देतात. त्यातल्या चौघांच्या घरी आजी आहे. आजी आहे म्हणून सोडत नाहीत काका, आजी थकली म्हणून सोडतात. तिला तोंडावर सांगत नाहीत इतकंच." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "जयाकाकू काल जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसून होत्या. पाच-सात मिनिटं. मी विचारलं तर म्हणाल्या, वारा खातेय. तिथे खिडकीसुद्धा नाही."

जुलैमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. जयाबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच बजावलं होतं की सोनालीला यातला एक शब्द कळता कामा नये. कळलं तर म्हणेल, आईला कशाला त्रास, आणि यायचं रहित करेल.

ते वर आले. शून्य खोडलं. त्याच्या वर ९,५०० लिहिलं आणि शेजारी कंसात 'बदली भाव, पाळणाघर, तळमजला' असं लिहिलं. पुन्हा बेरीज केली, पुन्हा भागाकार केला. अठरा पूर्णांक चार.

जयाबाई मागे येऊन उभ्या होत्या. कागद त्यांना वाचता येत होता. महापालिकेच्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं होतं.

"हे काय केलंत?"

"ती ओळ चुकली होती."

"चुकली नव्हती. मी सांभाळणार आहे तिला. फुकट. मग शून्यच."

"तुझ्या जागी दुसरं कुणी केलं असतं तर जे पडलं असतं, ती त्या कामाची किंमत."

"अडतीस वर्षं माझ्या कुठल्या कामाला भाव लावला नाहीत. आजच सुचलं?"

ते म्हणाले, "तुझ्याने होणार नाही, जया. तीन मजले, कडेवर पोर."

"ती तीन वर्षांची आहे, चालते."

"शाळेतून झोपून आली तर?"

"तर तुम्ही घ्या."

"घेईन. मी सांभाळेन."

"तुम्ही?" जयाबाई हसल्या, पण ते हसू वेगळं होतं. "सोनाली तीन वर्षांची होती तेव्हा कुठल्या बाजारात होतात, सांगा. आणि सांभाळलंत तरी तुमच्या कामालाही भाव लावावा लागेल ना? मग आकडा तोच येईल, अठरा."

हे बरोबर होतं. तात्यारावांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ऐका," जयाबाई खुर्चीच्या पाठीला धरून बसल्या. "पोरगी सहा वर्षांत तीनदा आली. नातीला मी एकदा मांडीवर घेतलंय. ती तिकडे दुसरीच्या वर्गात गेली की मग कुणी येत नाही, मी शाळेत बघितलंय, पालक मुलांच्या शाळा मोडत नाहीत. ही शेवटची खेप आहे. तुमच्या तोंडून फक्त चोवीस यायला पाहिजे. खोटं बोला असं म्हणत नाही. सकाळी तुमचाच आकडा होता तो."

"सकाळी मी चुकलो होतो."

"मग संध्याकाळीही चुका."

जेवण झालं. तात्यारावांनी तक्ता दुसऱ्या कोऱ्या कागदावर उतरवायला घेतला आणि सातव्या ओळीपाशी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग ती जागा सोडून पुढच्या ओळी भरल्या. चारच्या सुमारास जयाबाईंनी चहा ठेवला. साडेचार वाजले तेव्हा सातवी ओळ अजून कोरी होती.

फोन टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवला होता. पडद्यावर सोनाली आणि अभय शेजारी शेजारी, मागे तेजस्विनी जमिनीवर काहीतरी ओतत होती. तिकडे सकाळचे अकरा.

"जयभीम बाबा," अभय म्हणाला. "माझ्याकडे वही आहे. तुम्ही सांगत चला."

"अभय वही घेऊन बसलाय म्हणजे बघा," सोनाली म्हणाली. "परीक्षेलाही नसेल बसला असा."

तात्याराव वाचू लागले. भाडं अठ्ठावीस हजार, त्यावर सोसायटीचे तीन. अभयने मान हलवली. किराणा आणि भाजी मिळून बावीस. "एवढे?" सोनालीने विचारलं. "तेल वाढलंय," ते म्हणाले. शाळा. गाडीचा हप्ता. पेट्रोल. विमा. जयाबाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा हात टेबलाखाली तात्यारावांच्या गुडघ्यावर होता आणि प्रत्येक ओळीगणिक त्या बोटं आवळत होत्या.

"पाळणाघर," तात्याराव म्हणाले आणि थांबले.

"ते शून्य धरलं असेल ना?" अभय म्हणाला. "मला तोच मोठा फरक दिसतोय. इथे नऊशे जातात."

जयाबाईंची बोटं रुतली.

"साडेनऊ हजार," तात्याराव म्हणाले.

तिकडे अभयने लिहिलं नाही. सोनालीने पडद्याच्या जवळ तोंड आणलं. "का? आई आहे ना?"

तात्याराव कागदाकडे बघत राहिले.

"आई, तू नाही म्हणालीस का?"

"मी?" जयाबाईंचा आवाज चढला. "मी नाही म्हटलेलं नाही! ह्यांना विचार. ह्यांना घरातल्या माणसाचाही भाव लावायचाय."

"बाबा?"

"मला वाटतं तिच्याने होणार नाही," तात्याराव म्हणाले. "त्यामुळे बाहेरचा भाव लावला. एवढंच."

"होणार नाही म्हणजे काय? काय झालंय?"

"काही नाही झालेलं," जयाबाई म्हणाल्या. "ह्यांचं वय झालंय, म्हणून सगळेच म्हातारे दिसतात."

सोनाली म्हणाली, "आई, उभी राहा."

"कशाला?"

"सहा महिने झाले, मी फोन केला की तू बसलेलीच असतेस. उभी राहा आणि मागच्या खिडकीपर्यंत जाऊन ये."

"हे काय नाटक? तेजूला दे जरा, माझी बाय काय करतेय बघू दे."

"आई."

जयाबाईंनी टेबलाची कड धरली. एकदा प्रयत्न केला आणि परत बसल्या. दुसऱ्यांदा दोन्ही तळवे टेबलावर दाबून उठल्या, तेव्हा टेबल हललं आणि फोन पालथा पडला. तात्यारावांनी तो उचलून पुन्हा टेकवला. त्यांनी बायकोला हात दिला नाही. दिला असता तर तिने झिडकारला असता. खिडकी नऊ-दहा पावलांवर होती. जयाबाई खुर्ची, मग कपाट, मग भिंत असं धरत गेल्या आणि खिडकीचा गज धरून तिथेच उभ्या राहिल्या. परत आल्या नाहीत.

"कधीपासून?" सोनालीने विचारलं.

"डॉक्टरांनी जुलैत सांगितलं. दोन्ही गुडघे बदलायचे."

"आणि तुम्ही दोघं गप्प."

"हो."

"किती उरले बाबा?" अभयने हळू विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"अठरा पूर्णांक चार."

"आईला धरलं असतं तर?"

"चोवीस."

अभयने सोनालीकडे पाहिलं. सोनाली खाली बघत होती. मागे तेजस्विनीने काहीतरी सांडलं आणि रडायला लागली, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"मी मान्य केलं होतं," सोनाली म्हणाली. "नाही कळव."

"आत्ता नको. सकाळपर्यंत वेळ आहे. आपण दुसरं काही—"

"तू सकाळपर्यंत मला समजावशील आणि मी तयार होईन. मग आई ऑपरेशन पुढे ढकलेल आणि तेजूला कडेवर घेऊन जिने चढेल. मी ओळखते तिला. आत्ता कळव."

अभयने लॅपटॉप पुढे ओढला. पडद्यात त्याचे हात दिसत नव्हते, बटणांचा आवाज तेवढा येत होता. तो दोनदा थांबला, काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मग तो म्हणाला, "गेलं."

"ऑपरेशनला फेब्रुवारीची तारीख घ्या," सोनाली म्हणाली. "मी तेजूला घेऊन येते. दीड महिना सुट्टी मिळेल, बिनपगारी. बाबा, ते कुठल्या ओळीत टाकायचं ते तुम्ही बघा." तिने फोन ठेवला.

जयाबाई अजून खिडकीपाशीच होत्या, पाठमोऱ्या. तात्याराव खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि ती त्यांच्या मागे ठेवली. त्या बऱ्याच वेळाने बसल्या.

"खूश?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग कशाला?"

तात्याराव उभेच होते. खाली अख्तरबानू वाळलेले अभ्रे गोळा करत होत्या.

"दीड महिना," जयाबाई म्हणाल्या. "त्यातला निम्मा मी पलंगावर. तेजू येऊन बघेल, आजी झोपलेली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पायावर कितव्या दिवशी उभं करतात हो?"

"डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या दिवशी."

"नक्की?"

"उद्या पुन्हा विचारून येतो."

"उद्या नको. आत्ता फोन करा," जयाबाई म्हणाल्या. "आणि तारीख फेब्रुवारीच्या आधीची मागा. ती यायच्या आधी मला चालता आलं पाहिजे."