अप्पांच्या डावीकडचा अंधार

मित्रांनो, मी एक जुना कच्चा फोटो आहे. कच्चा म्हणजे कॅमेऱ्याने काढला आणि तसाच ठेवला. मोबाईलमधले माझे भाऊबंद जन्मतःच नटूनथटून येतात, आणि नटताना बरेच काही टाकून देतात. मी काहीच टाकत नाही. दिसते तेही ठेवतो आणि दिसत नाही तेही ठेवतो. त्यामुळे मी अंगाने जड आहे. जागा कमी पडली की सगळ्यांचा डोळा आधी माझ्यावर जातो.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात खंडेनवमीला झाला. त्या दिवशी मशिनी बंद ठेवतात, धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात आणि कामगारांच्या घरच्यांना आत येऊ देतात. ज्योतीराम तिथे तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक भाग मापून तो पास की नापास हे ते ठरवत. नवाकोरा सदरा घालून ते शटरमधून आलेल्या उन्हात ताठ उभे राहिले आणि त्यांची मुलगी निशिगंधा हिने मला काढले. तिने ऊन बघून कॅमेरा लावला. ज्योतीराम झकास आले, पण त्यांच्या डावीकडे शेडचा काळाकुट्ट अंधार आला. चिखलीच्या घरी मला पाहून ते म्हणाले, "निम्मा माल रिजेक्ट हाय." एवढे ऐकून मी सहा वर्षे निशिगंधाच्या लॅपटॉपमध्ये गप्प पडून राहिलो.

त्या काळात ज्योतीराम निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी सुभद्राबाई वारल्या.

वर्षश्राद्धाला फोटो हवा होता. सुभद्राबाईंचा समोरचा दात थोडा तुटलेला होता, म्हणून कॅमेरा दिसला की त्या ओठ घट्ट मिटून घेत. घरात त्यांचा एकटीचा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा.

"ह्या फोटोत ती माझ्यावर चिडलेली हाय," ज्योतीराम म्हणाले. "आता जन्मभर भिंतीवरून अशीच बघायची का?"

"अप्पा, खंडेनवमीच्या फोटोत आई होती की," निशिगंधा म्हणाली. "तुमच्या शेजारी."

"माझ्या शेजारी अंधार हाय."

"अंधारातच आहे ती. मी काढते बाहेर."

"तू नुसतं दाखव. काढतो मी."

तर मित्रांनो, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ज्योतीराम मला उजळायला शिकू लागले. पडद्यावर सरकणारी बटणे असतात. एक उजेड वाढवते, एक फक्त काळोख्या भागाला वर उचलते, एक रंग गडद करते. ज्योतीराम त्यांना गोट्या म्हणत. हात धुऊन, चष्मा पुसून ते माझ्यासमोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "मूळ माल खराब झाला तर?"

"मूळ फोटोला हात लागत नाही, अप्पा. तुम्ही काय केलं त्याची नुसती नोंद राहते."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्या अकरा प्रती केल्या आणि दुरुस्तीला परत आलेल्या मालासारखी त्यांना रिवर्क एक, रिवर्क दोन अशी नावे दिली. शेजारी कागदावर लिहिले, 'काळोख गोटी : चाळीस, अधिक उणे दोन.'

"अहो, डोळ्यांनी बघा. इथे माप नसतं."

"मापाशिवाय माल पास कसा करायचा?"

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या गोट्या शेवटपर्यंत ढकलल्या. झेंडू हिरवे झाले आणि ज्योतीराम स्वतः मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटमधून बुडवून काढल्यासारखे दिसू लागले. मला इतके अवघडल्यासारखे कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त काळोखाची गोटी हळूहळू सरकवली. आधी साडीचा काठ दिसला. मग बांगड्या. मग एक कान. ज्योतीराम पुढे वाकले. चेहरा येत होता, पण रव्यासारखे दाणे घेऊन.

"खरखर लई हाय. फिनिशिंग पाहिजे," असे म्हणून त्यांनी दाणे घालवायची गोटी पार टोकाला नेली. सुभद्राबाईंचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत झाला.

"ही कोण बाई?"

"तुम्ही फार घासलंत, अप्पा."

ज्योतीरामांचे तोंड उतरले. कारखान्यात जास्त घासलेला भाग भंगारात जातो. गेलेला धातू परत लावता येत नाही. त्यांनी हळू आवाजात विचारले, "मग गेली का?"

"नाही गेली. गोटी मागे घ्या."

त्यांनी गोटी मागे घेतली आणि सुभद्राबाई खरखरीसकट परत आल्या. मग बराच वेळ ते तेच करत बसले. घालवायचे आणि परत आणायचे.

"राहू दे खरखर," शेवटी ते म्हणाले. "बोलायची बी तशीच."

आणखी थोडे उजळल्यावर सगळेच उघडे पडले. पूजा व्हायची होती, तरी सुभद्राबाईंचा गाल पेढ्याने फुगला होता. तुटक्या दातासकट त्या हसत होत्या. आणि तुपाचा हात ज्योतीरामांच्या नव्या सदऱ्याला पुसत होत्या.

"तरीच," ज्योतीराम म्हणाले. "तो डाग शेजारच्या मशिनीवरच्या नवनाथनं लावला म्हणून मी आठ दिवस त्याच्याशी बोललो न्हाई." आणि ते खोकला लागेपर्यंत हसले.

एकच अडचण राहिली. सुभद्राबाई उजेडात आल्या तसे उन्हात उभे असलेले ज्योतीराम कागदासारखे पांढरेफटक पडले.

"तुम्हाला वेगळं सावरता येतं, शिकवते," निशिगंधा म्हणाली. "नाहीतर तुम्हाला कापूनच टाकू. श्राद्धाला फक्त आई हवी."

"काप की. पण मला कापलं की तिचा हात बी जातो."

दोघांनी पाहिले. हात खरोखर सदऱ्यालाच चिकटलेला होता.

"मग ऱ्हाऊ दे असाच. मला बघायला आरसा हाय."

श्राद्धाला सुभद्राबाईंची थोरली बहीण चतुराबाई आली. भिंतीवर मला पाहून ती दारातच थबकली. "दाजी, जित्या माणसाला हार घालत्यात व्हय?"

ज्योतीरामांनी हार काढला आणि चौकटीच्या एकाच कोपऱ्याला अडकवला. तो फक्त सुभद्राबाईंच्या बाजूला वाकडातिकडा लोंबत राहिला.

"आन् तोंडात काय हाय तिच्या?"

"पेढा. पूजेच्या आधीचा."

चतुराबाईने पदर तोंडाला लावला. मग तिने नैवेद्याच्या ताटात आणखी दोन पेढे ठेवले.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. अंधार दिसला म्हणून फोटो पुसू नका. तिथे कोण उभे होते ते आधी घरच्यांना विचारा. आणि माणूस सापडला, तर फार घासू नका.