बुंध्यावरचा शिक्का

युफेमिया टॅरंटबाईंनी सहा वर्षांत राज्यपालांपासून वॉशिंग्टनपर्यंत एकेचाळीस अर्ज पाठवले. सगळे माझ्याच छापखान्यात छापले, म्हणून आकडा पक्का. मागणी एकच: झऱ्यावरच्या डोंगरातले लार्च वृक्ष तोडू नका. शेजारच्या मिलरटनचा डोंगर उघडा झाला आणि दोन उन्हाळ्यांत तिथला झरा आटला. आमचं हार्टर्स फोर्ड त्याच वाटेनं जाऊ नये, एवढंच बाईंचं म्हणणं होतं.

अखेर १९०७ च्या वसंतात डोंगर राखीव झाला आणि ऑरिन प्लेट नावाचा वनखात्याचा रेंजर आला. राखीव म्हणजे कुलूपबंद नव्हे. लाकूड ठेकेदार गस हॉलबर्गला कंत्राट मिळालं होतं, पण रेंजर खूण करील तेवढ्याच झाडांचं. झऱ्याजवळ खूण करायचीच नाही, हे ऑरिननं मनाशी ठरवलं होतं. फक्त ते कुणाला सांगितलं नव्हतं.

चर्चच्या जेवणात त्यानं आपली खुणेची कुऱ्हाड दाखवली. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला ‘यू. एस.’ ही उठावाची अक्षरं. पात्यानं साल तासायची आणि उघड्या लाकडावर शिक्का मारायचा.

“या शिक्क्याशिवाय डोंगरावरचं पान हलणार नाही,” जेवणानंतरच्या गोड हकलबेरी पायचा तिसरा तुकडा घेत तो म्हणाला.

टॅरंटबाईंनी ते नीट ऐकलं. अर्थ मात्र त्यांनी आपला लावला: शिक्का बसला की झाड सरकारचं, मग त्याला हात लावायची कुणाची छाती?

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या कड्यावर वणवा पेटला. ऑरिन धावला आणि कुऱ्हाड केबिनच्या दारामागे टांगलेली राहिली. मंगळवारी टॅरंटबाईंसह महिला मंडळाच्या नऊजणी टोप्या-हातमोज्यांसह डोंगर चढल्या आणि आळीपाळीनं कुऱ्हाड चालवून संध्याकाळपर्यंत झऱ्याभोवतीच्या एकशे बेचाळीस झाडांवर शिक्के मारून आल्या. गुरुवारी मी माझ्या साप्ताहिकात मथळा दिला: ‘महिला मंडळाने डोंगर राखला.’

शुक्रवारी हॉलबर्ग अंक नाचवत छापखान्यात आला. टॅरंटबाई तिथेच होत्या.

“संपादक, बायकांनी मला अख्खा डोंगर आंदण दिला की हो!”

“तोंड सांभाळ, गस,” बाई म्हणाल्या.

“बाई, शिक्का म्हणजे ‘राखा’ नाही. शिक्का म्हणजे ‘तोडा’!”

तेवढ्यात काजळीनं माखलेला ऑरिन आत आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. बाई मटकन कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

“पण शिक्के याने मारलेले नाहीत,” मी म्हणालो.

“कुऱ्हाड सरकारची ना? ती कुणाच्या हातात होती, हे कंत्राट विचारत नाही. या ऑरिनला वर विचारायचं असेल तर विचारू दे. मग ती दारामागे का टांगली होती, तेही वरिष्ठांना सांगू दे.”

“सांगतो मी,” ऑरिन म्हणाला.

“सांग की! उत्तर येईल तेव्हा येईल, माझी करवत उद्या सकाळीच लागतेय.”

सकाळी आम्ही सगळे डोंगरावर. हॉलबर्गच्या माणसांनी पहिल्या लार्चला करवत लावली आणि ऑरिन ओरडला, “थांबा!” तो गुडघ्यावर बसला, बुंध्याभोवती फिरला. मग दुसऱ्या झाडापाशी, मग तिसऱ्या. उठला तेव्हा चेहरा उजळला होता.

“गस, कंत्राटात शिक्के किती?”

हॉलबर्गचं हसू मावळलं. “दोन.”

“कुठे?”

“एक छातीशी. एक खाली, करवतीच्या रेघेखाली. झाड गेल्यावर खुंटावर उरायला.”

“मग खालचा दाखव.”

खालचा नव्हताच. हॉलबर्ग झाडामागून झाड धुंडाळत गेला. “अहो बाई, खाली का नाही मारला?”

“वाकायचं कसं?” बाई कडाडल्या. “कंबर आवळणारा कॉर्सेट घालून तू वाकून दाखव, मी टाळ्या वाजवीन.”

करवतवाले खो खो हसले. तेवढ्यात वरून हॉलबर्गची हाक आली. “इथे आहेत! दोन्ही!”

अशी अकरा झाडं निघाली. त्यांवर शिक्के मारले होते नऊजणींतल्या, शाळेत शिकवणाऱ्या मिस विनिफ्रेड स्टोकनं. कॉर्सेटविरुद्ध गावात व्याख्यानं देणारी आणि स्वतः तो टाकून दिलेली ही एकटीच.

“करवत खाली चालते,” ती पुटपुटली, “म्हटलं, त्यांना तिथेही दिसायला हवं.”

ऑरिननं टोपी काढली. कंत्राट म्हणजे कंत्राट. दुपारपर्यंत अकराही पडली. टॅरंटबाई एकेका झाडापाशी उभ्या राहिल्या. शेवटचं पडल्यावर त्या झऱ्यापाशी गेल्या, ओंजळीनं पाणी प्यायल्या आणि मग मिस स्टोककडे वळल्या.

“विनिफ्रेड, पुढच्या महिन्यात तुझं व्याख्यान आहे ना?”

“आहे. पण रद्द करते मी.”

“रद्द कशाला? ऑरिनला बोलाव. आधी तो शिक्क्याचा अर्थ सांगेल, मग तू आम्हाला वाकायला शिकव.”