चौथा कोष

ऐका रे, आधी नुसतं ऐका. मधे कोणी काही विचारू नका, नाहीतर माझं सांगायचंच राहून जाईल.

मी एक जुनी काचेची बरणी आहे. कामतघरच्या चाळीत, लूमच्या कोपऱ्यात पडलेली. तोंडाचा अर्धा काठ उडालाय. आता माझ्यात सुताच्या मोडक्या कांड्या टाकतात. पण मित्रांनो, माझ्यात एकदा चार जीव वाढले होते, खरंच.

त्याच्या आधी मी चहाच्या टपरीवर होते. खारी, बटर, नानकटाई! लोक माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मला वाटायचं, मलाच बोलावतायत. मग रस्ता रुंद झाला, टपरी गेली, आणि टपरीवाल्याने मला केसरीनाथला देऊन टाकलं. केसरीनाथचे चार लूम, कापड विणायचे यंत्रमाग. पुढे लूम, मागे घर, मधे पत्र्याचं पार्टिशन. दिवसभर खटाखट, खटाखट. घरातलं सगळं थरथरायचं. ताटं, कॅलेंडर आणि मीसुद्धा. सकाळी फळीवर ठेवलेली मी दुपारपर्यंत बोटभर पुढे सरकलेली असायची. केसरीनाथची बायको चंद्रा कांड्या भरायला बसलेली असायची, ती उठून मला मागे ढकलायची. "चालली भवानी फिरायला," म्हणायची.

त्यांची मुलगी मृणाली, सहावीतली. एका शनिवारी ती मारुतीच्या देवळाबाहेर रुईची माळ घ्यायला गेली. तिथे ठकुबाई बसते, पाड्यावरून पाला घेऊन येते. माळ ओवताना पानावर अळी दिसली की ती चिरडत नाही, बाजूला ठेवते. त्या दिवशी चार निघाल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, वर पिवळे ठिपके. मृणालीने हट्टच धरला. ठकुबाई तिला म्हणाली, "ने. पन रोज ताजा पाला घालायचा, रुईचाच. दुसरं कायपन खात न्हायत त्या. आपल्या हातून मेल्या तर पाप लागतं का न्हाय ते देवाला ठावं, पन झोप न्हाय लागत."

मग मला खाली घेऊन घासलंपुसलं. केसरीनाथने लूमवरचं कोरं कापड माझ्या तोंडावर ताणून बसवलं आणि लूमची गाठ मारून मला परत फळीवर ठेवलं. ती गाठ सुटत नाही, कापावीच लागते. पाला घालायचा असला की रोज कापायची, रोज नवी बांधायची. मुंगी नको, पाल नको.

काय खायच्या त्या! पानं कुरतडतानाचं त्यांचं खाणं मला काचेतून कळायचं. लूमच्या थरथरीत ती एक वेगळीच, बारीक थरथर. चाळीतली पोरं मला बघायला रांग लावायची. दहा-बारा दिवसांत त्या कापडाला उलट्या लटकल्या आणि चार हिरवे कोष झाले, सोनेरी ठिपक्यांचे. टपरीवर कधी इतकं सुंदर काही माझ्यात नव्हतं.

ठकुबाईने सांगितलं होतं, आठ-दहा दिवसांत उघडतील. केसरीनाथने ठरवलं, शुक्रवारी गाठ कापायची. कारण शुक्रवारी लूमला सुट्टी. या घरात सगळं शुक्रवारीच होतं. पाहुणे शुक्रवारी, केस कापणं शुक्रवारी, आजारी पडायचं तेसुद्धा शुक्रवारी. मृणाली खूश झाली. लूम बंद असले की पंखांचा आवाज ऐकू येईल, असं तिला वाटलं. तिने आईला शपथ घातली. "माझ्या गळ्याची शपथ, मी आल्याशिवाय गाठ कापायची नाही."

कोषांना शुक्रवार कुठून माहीत?

गुरुवारी सकाळी मृणाली शाळेत गेली आणि पहिला उघडला. मग दुसरा, मग तिसरा. केशरी पंख, टोकं काळी. थोडा वेळ ते पंख वाळवत कापडाला लटकून राहिले. मग उडायला लागले, माझ्या एवढ्याशा पोटात! काचेवर आपटायचे, एकमेकांवर आपटायचे. लूमच्या खटाखटीत कुणाला काही ऐकू येईना. दुपारी चंद्राचं लक्ष गेलं. तिने केसरीनाथला बोलावलं.

"कापा ना तुम्ही. मला पोरीची शपथ हाय."

"मला मधी घालू नको," केसरीनाथ म्हणाला. "रडायला लागली की दोन दिस जेवत न्हाय ती."

"शपथ मला हाय, तुम्हाला न्हाय."

"पाच वाजता येतेच हाय की ती. तोवर काय होतंय?"

काय होतंय ते मला दिसत होतं. पंखांच्या कडा फाटत होत्या. माझ्या आतल्या काचेला केशरी भुकटी लागली होती. आणि चौथा कोष अजून शांत, झोपलेला.

त्या गडबडीत चंद्रा मला मागे ढकलायची विसरली. मी सरकत सरकत फळीच्या काठाला आले. तिथे एक बारीक पट्टी आहे, कधी इथवर आले तर मी तिला टेकून अडायची.

त्या दिवशी मी अडले नाही.

पडले, काठ फुटला, कापड सुटलं. तिघं वर गेले, लूमच्या धाग्यांवरून फिरले आणि खिडकीतून बाहेर. चौथा माझ्याच काचेखाली सापडला, एका बाजूने चेपलेला.

मृणालीने आल्या आल्या विचारलं, "आई, तू गाठ कापलीस?"

"न्हाय गं. तुझी शपथ होती ना."

तिने तो कोष सुताने खिळ्याला टांगला. शुक्रवारी लूम बंद झाल्यावर त्याला कान लावून बसली. पुढच्या शुक्रवारीही. तो काळा पडला, तरी तिने काढला नाही. केसरीनाथ म्हणतो, लूमच्या हादऱ्याने बरणी पडली. चंद्राला वाटतं, तिने मला मागे ढकललं नाही म्हणून. मृणालीला वाटतं, तिने शपथ घातली म्हणून. खरं फक्त मला माहीत आहे, आणि मला त्यांना सांगता येत नाही. ठकुबाईने परत एकदा अळी पुढे केली, तर मृणालीने दोन्ही हात मागे लपवले.

अजून शुक्रवारी सगळं थांबलं की माझ्या आत काहीतरी बारीक वाजतं. कांड्या असतील, असं मी स्वतःला सांगते. पण तेव्हा कांड्या हलत नसतात.

म्हणून सांगते मित्रांनो, कुठलाही जीव घरी आणलात तर त्याच्या वेळेला तुम्ही हजर राहा. तुमच्या सुट्टीसाठी तो थांबत नाही.

आता खरं बोला. तुम्ही त्या फळीवर असतात, पोटात तिघं फडफडत असते आणि एक झोपलेला असता, तर तुम्ही काय केलं असतंत?