मानाची खोली

सकाळची पाळी सुरू होताना रुग्णालयातल्या बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत एक थट्टा ठरलेली असे. "चला पोलादी मावशी, तुमचा महाल वाट बघतोय!" कुणीतरी म्हणे. बाकीच्या हसत, आणि मावशीही हसत हसत डोक्याला टोपी बांधीत. महाल म्हणजे मजल्याच्या टोकाची, साथीच्या रुग्णांची बंद खोली. तिथली फरशी पुसायची, भांडी धुवायची, चादरी बदलायच्या, हे सगळं काम मावशींचं.

हे काम त्यांच्याकडे आलं ते मानाच्या नावाखाली. लस नवी होती, भलेभले मागे सरत होते, तेव्हा या कंत्राटी सफाई कामगार बाईने सगळ्यांच्या आधी बाही वर केली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, 'पोलादी मावशी' हे नाव पडलं. पुढे वॉर्डात पद्धतच पडून गेली, ज्याने लस आधी घेतली त्याने बंद खोलीत आधी जायचं. कायम नोकरीतल्या वॉर्डबॉयना मात्र ही पद्धत कधी लागू झाली नाही. गरिबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, त्याच्याकडून जोखमीचं काम काढून घ्यायचं आणि वर त्याला मान म्हणायचं, हे आपल्याला फार छान जमतं.

मावशींची लेक त्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. लसीमुळे रक्तात तयार होणारी, आजाराशी लढणारी प्रतिपिंडं कर्मचाऱ्यांच्या अंगात किती काळ टिकतात, याची पाहणी तिथे चालू होती. पहिल्या तपासणीत आईचा आकडा बघून ती लहान मुलीसारखी हरखली होती. पुढच्या खेपेला तो निम्म्यावर आला. आज यंत्राने दाखवलेला आकडा बघून मात्र तिने तोच नमुना पुन्हा लावला; आकडा बदलला नाही. उतरले सगळ्यांचेच होते, पण साठीला टेकलेल्या, मधुमेही आईचा जवळजवळ तळाला गेला होता. लस आधी घेतलेल्यांची ढाल आधी झिजत होती, आणि वॉर्ड त्यांनाच सगळ्यांत सुरक्षित समजत होता.

ती तडक मेट्रनकडे गेली. मेट्रन बाई वाईट नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, आकडा उतरला म्हणजे माणूस अगदीच उघडा पडतो असं नाही."

"माहितीये मॅडम. पण आईचं वय बघा, तिची शुगर बघा. तिला वाढीव डोस तरी द्या."

"तो आधी कायमवाल्यांना. कंत्राटी माणसांचं कंत्राटदाराने बघायचं, असं वरून आलंय."

तिने तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला, तर त्याने हात वर केले. "लस देणं दवाखान्याचं काम, ताई. मी फक्त माणसं पुरवतो."

"मग मॅडम, तिची खोली तरी बदला!"

"बदलते. तिच्याऐवजी कुणाला पाठवू, तूच सांग."

लेकीने भिंतीवरच्या तक्त्यातली नावं एकेक करून वाचली आणि ती तशीच खाली उतरली.

संध्याकाळी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. लेक तिच्यासमोर बसली.

"आई, उद्यापासून त्या खोलीत जाऊ नकोस."

"मग कोण जाईल? आमच्यातली धाकटी? तिचं पोर अजून अंगावर पितंय. आणि नाही म्हटलं तर मला गेटवरूनच परत पाठवतील."

"अगं, तुझ्या अंगातलं लसीचं सगळं उतरलंय."

"मग चढव की परत! एवढ्या बाटल्या असतात तुझ्याकडे, काय लोणचं घालतेस का त्यांचं?"

लेकीला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. मोजायचं यंत्र तिच्या हातात होतं, पण आईला द्यायला एक थेंबही नव्हता. तिला स्वतःच्या शिक्षणाची चीड आली.

त्याच आठवड्यात मावशींना ताप भरला. खोकला वाढला, श्वास पुरेना, आणि जी खोली त्या रोज पुसत होत्या तिथल्याच खाटेवर त्यांना निजवलं. नातेवाइकांना आत मनाई होती. लेक काचेतून बघत उभी राहिली. आईची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

मागून मेट्रनचा आवाज आला. ती दुसऱ्या एका कंत्राटी मावशीला सांगत होती, "पोलादी मावशींच्या पाठोपाठ लस तुम्हीच घेतली होती ना? मग तुम्हाला कसली भीती!"

ती मावशी बादली घेऊन दाराशी आली. लेकीने दार अडवलं.

"मावशी, तुम्ही आत जायचं नाही. तुमचाही आकडा मी बघितलाय. काय व्हायचं ते होऊ दे, आज मी कुणालाच आत जाऊ देणार नाही."

मावशीने बादली खाली ठेवली आणि काचेतून आत बघितलं.

"अगं पोरी, तुझ्या आईची चादर ओली झालीय. मी नाही गेले, तर ती बदलणार कोण?"

लेकीने दारावरचा हात काढून घेतला.